टसॉक कपाची परतफेड

१

देवयानीच्या घरातून कुणाचंही भांडं आजवर रिकामं परत गेलेलं नव्हतं. आईने लहानपणापासून हे इतकं घोटवून घेतलं होतं की ख्राइस्टचर्चला आल्यावर तिने तोच नियम आइस्क्रीमच्या प्लॅस्टिकच्या डब्यांनाही लावून टाकला. शेजारच्या वेंडीने कुंपणावरून फेजोआची फळं दिली की त्याच डब्यातून चकल्या जायच्या, चकल्या नसल्या तर रव्याचा लाडू, आणि घरात काहीच नसलं तर चमचाभर साखर तरी. सात वर्षांची ऋग्वेदा हे सगळं बघतच मोठी होत होती. "आई, डोन्ट सेंड इट एम्प्टी," असं ती आता स्वतःच बजावायची आणि डबा तपासून घ्यायची.

वेंडीची तऱ्हा उलटी. देवयानीचा स्टीलचा डबा ती घासूनपुसून, कोरडा करून परत द्यायची, आणि द्यायची तो रिकामा. आत एक द्राक्षही नाही. देवयानीला दरवेळी राग यायचा आणि दरवेळी ती "थँक्यू, वेंडी" म्हणायची. मग घरात येऊन तो डबा असा आपटायची की नवरा, यशोधन, दुसऱ्या खोलीतून विचारायचा, "वेंडी भेटली का?"

रागाच्या बाबतीत देवयानी कुणाला हार जाणारी नव्हती. ती फार्मसीत काम करायची आणि तिथे दिवसभर लोकांशी गोड बोलून साठलेला सगळा राग घरी येऊन मोकळा व्हायचा. त्यातून यशोधन पडला नंदीबैल. समोरचा माणूस काहीही सांगो, हा मान हलवणार. पुण्यातही हलवायचा, इथेही. बर्फावर स्केटिंग करायच्या रिंकवर शीतकरणाची यंत्रं सांभाळायची त्याची नोकरी, त्यामुळे रिंकवरच्या लोकांना नको असलेली प्रत्येक वस्तू मान हलवत हलवत त्यांच्या गराजमध्ये येऊन पडायची.

जुलैतल्या एका शनिवारी सकाळी तो वेंडीच्या घरून आला तेव्हा त्याच्या हातात एक चषक होता. चांगला कळशीएवढा, चांदीचा मुलामा काळा पडलेला, दोन बाजूंना दोन कान आणि खाली लाकडी बैठक.

"वेंडीने दिला," तो म्हणाला. "ती बहिणीकडे चाललीये ना, टिमरूला, कायमची. म्हणाली, आता तुमच्याकडे राहू दे."

"आणि तू मान हलवलीस."

"अगं, टसॉक कप आहे हा! इथली ती आइस हॉकीची प्रोफेशनल लीग नव्हती का, बुडालेली? त्यांची चॅम्पियनशिप ट्रॉफी."

त्याने कप दारातल्या चपलांच्या मांडणीवर ठेवला. पालथा ठेवला. देवयानीला वाटलं, हे त्याच्या वेंधळेपणाला साजेसंच आहे.

२

आता घरात आलंच आहे तर निदान बघवेल असं तरी दिसू दे, म्हणून तिने दुपारी चिंचेचा कोळ आणि मीठ घेऊन कप घासायला काढला. काळं पाणी सिंकमध्ये वाहत गेलं तशी बाजूवर कोरलेली नावं वर आली. परदेशी नावं, काही इथली, वर्षं फार थोडी. शेवटचं वर्ष चाळीसेक वर्षांपूर्वीचं होतं.

जेवताना यशोधनने माहिती पुरवली. लीग जेमतेम काही हिवाळे चालली. कॅनडातून पगार देऊन तरुण खेळाडू आणायचे आणि ते इथल्या घरांमधून राहायचे, घरच्यासारखे. कुणाच्या तरी लग्नातलं सरबताचं भांडं घेऊन, त्याला कान जोडून हा कप बनवला होता म्हणे. शेवटच्या वर्षी रिंक बंद पडली, तेव्हा शेवटचा सामना वर डोंगरात, एका धरणाच्या गोठलेल्या पाण्यावर खेळले. जिंकलेल्या टीमचा कॅप्टन म्हणजे वेंडीचा नवरा कॉलिन. त्यानंतर लीग संपली. कपाला ठेवायला ऑफिस उरलं नाही, म्हणून तो खेळाडूंच्या घरी पाळीपाळीने फिरत राहिला. मग माणसं पांगली, म्हातारी झाली, कॉलिनही गेला, आणि कप वेंडीकडेच राहिला.

"धरणावर का नाही खेळत आता?" ऋग्वेदाने इंग्रजीत विचारलं. ती जिभेने वरचा पुढचा दात हलवत होती. दात नुसता एका धाग्यावर होता.

"काय की," यशोधन म्हणाला आणि पानात बघायला लागला.

देवयानीने चकचकीत कप सुलटा करून स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवला. यशोधनने तो तसा ठेवलेला पाहिला. तो काहीतरी बोलणार असं वाटलं, पण त्याने फक्त हात धुतले आणि बाहेर गेला.

रविवारी सकाळी कपाच्या आत बर्फाची पातळ पापुद्र्यासारखी साय धरली होती. न्यूझीलंडमधली घरं थंड असतात, खिडकीच्या काचा आतून घाम धरतात, हे सगळं देवयानीला ठाऊक होतं. धातू लवकर गार पडतो हेही ठाऊक होतं. तिने फडक्याने साय पुसली. सोमवारी ती परत होती, जास्त जाड, आणि स्वयंपाकघरातला हीटपंप रात्रभर चालू होता. बाजूच्याच पितळी तांब्यातलं पाणी पाणीच होतं.

ओट्याशी चहा करताना तिला गराजच्या बाजूने आवाज आला. खर्रर्र. आणि मग एकदम थांबलेला. हा आवाज तिच्या ओळखीचा होता. शनिवारी रिंकवर ऋग्वेदाचा क्लास चालायचा तेव्हा मोठी मुलं वेगात येऊन स्केटची पाती आडवी घालून थांबायची, तेव्हा नेमका असा आवाज यायचा. रिंक इथून गाडीने वीस मिनिटांवर. गराजमध्ये सिमेंटची फरशी.

ती चहा तसाच टाकून गराजमध्ये गेली. तिथे रंगाचे डबे होते, तिची सायकल होती आणि कडाक्याची थंडी होती. दुसरं काही नव्हतं. पत्र्याचं शटर थंडीने आकसलं असेल, असं तिने स्वतःला सांगितलं. आपण घाबरलो याचाच तिला जास्त राग आला.

३

मंगळवारी ती भडकलीच. पिठाचा डबा खिडकीखाली ठेवलेला होता, त्यातलं बेसन गारठून दगड झालं होतं. दिवाळीला लागतात तेवढे नाही, पण ऋग्वेदाच्या सुट्टीसाठी थोडे लाडू करायचे म्हणून तिने ते आणलेलं.

"हे धूड आजच्या आज वेंडीला परत," ती म्हणाली. "तिला नको झालं म्हणून माझ्या घरात? हे काय भंगाराचं दुकान आहे?"

"परत कसं देणार? तिने विश्वासाने दिलंय."

"तू आयुष्यात एकदा तरी कुणाला नाही म्हणालायस का रे?"

यशोधनने त्यावरही मान हलवली. ती हो होती की नाही, ते कळायला मार्ग नव्हता.

देवयानीने कप उचलला. कान इतके गार होते की बोटं चिकटल्यासारखी झाली. दारापर्यंत गेली आणि थांबली. राग डोक्यात ठणकत होता, वेंडीचं तोंड बघायची इच्छा नव्हती, पण हातातलं भांडं रिकामं होतं, आणि तिचे पाय काही उंबऱ्याबाहेर पडेनात. आईच जणू मागून बघत होती. शेवटी ती चरफडत परत फिरली, बेसन फोडून, भाजून, तूप सोडून तिने लाडू वळलेच. प्रत्येकावर बेदाणा दाबला. एवढ्या संतापात तिने आयुष्यात कधी लाडू वळले नव्हते, आणि ते अगदी उत्तम झाले.

"कॅन आय हॅव वन?" ऋग्वेदाने विचारलं.

"एक घे. बाकीचे कपाचे."

बाकीचे तिने कपात रचून ठेवले, वर स्वच्छ रुमाल टाकला आणि वेंडीच्या व्हरांड्यात नेऊन ठेवले. दोनदा दार वाजवलं. वेंडी घरात नव्हती. देवयानीने कप बाकावर ठेवला आणि परत आली. घर लगेच उबदार वाटायला लागलं. त्या दिवशी ती गाणं गुणगुणत भांडी घासत होती.

४

बुधवारी सकाळी कामावर जायला तिने दार उघडलं, तर पायरीवर कप होता.

सुलटा. दोन्ही कान घराच्या दिशेने नीट एका रेषेत. कुणी दोन्ही हातांनी अदबीने ठेवावा तसा. लाडू नव्हते. रुमाल घडी करून बाजूला ठेवलेला, काठाला काठ जुळवून. आणि कप भरलेला होता. काठोकाठ बर्फाचा चुरा, स्केटच्या पात्यांखालून उडतो तसा भुरभुरीत, आणि त्या चुऱ्यावर मधोमध हॉकीतली काळी रबरी चकती, पक म्हणतात ती.

"वॉव! इज इट फॉर मी?" ऋग्वेदा पायजम्यातच बाहेर आली आणि देवयानी काही बोलायच्या आत तिने पक उचलून छातीशी धरली.

"ठेव ते खाली."

"बट आई, हे रिटर्न गिफ्ट आहे! तू लाडू दिलेस ना."

पकवर गवताच्या जुडीचं झिजलेलं चित्र होतं. यशोधनने ते पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. टसॉक म्हणजे इथल्या डोंगरावरचं ते पिवळं गवत, लीगची खूण. मग त्याने खाली बसून बर्फाचा चुरा चिमटीत धरला, नाकाशी नेला.

"हा रिंकचा नाही," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"रिंकचं पाणी मी स्वतः गाळून घेतो. त्याच्या बर्फाला वास नसतो. याला शेवाळाचा येतोय. आणि हे बघ." त्याने चुऱ्यातून बोटभर लांब पाणगवताची काडी ओढून काढली. "साचलेल्या पाण्याचा आहे हा."

देवयानीने ड्राइव्हवेकडे पाहिलं. फाटकापासून पायरीपर्यंत सिमेंटवर पांढरे बारीक ओरखडे उठले होते. सरळ नाही, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, झोकात वळत आलेले. पायरीशी ते एकदम आडवे झाले होते आणि तिथे सिमेंटचा चुरा साचला होता. वेंडी शहात्तर वर्षांची होती आणि काठी घेऊन चालायची.

"ही सगळी थट्टा चाललीये आपली," देवयानी म्हणाली. तिचा आवाज चिरकला. "रिंकवरच्या कुणाची तरी. तुला मूर्ख समजतात ते, म्हणून चालतं हे सगळं."

यशोधनने मान हलवली नाही. लग्नाच्या दहा वर्षांत पहिल्यांदाच, तिने काही म्हटल्यावर त्याची मान हलली नाही. तिला त्या ओरखड्यांपेक्षा त्याचीच जास्त भीती वाटली.

५

वेंडीच्या दारात सामानाची गाडी गुरुवारी लागली. देवयानी फार्मसीतून अर्ध्या दिवसाची रजा टाकून आली ती तडक तिथेच गेली.

"किया ओरा, डिअर!" वेंडी खोक्यांमध्ये उभी होती. "अगं, मी बहिणीकडून आत्ताच येतेय. सोमवारपासून तिकडेच होते. घर लावायला मदत करत."

देवयानीने रागाची सगळी वाक्यं इंग्रजीत जुळवून आणली होती. ती तशीच राहिली. "सोमवारपासून? मग माझे लाडू कुणी घेतले?"

"कसले लाडू?"

"कपातले. मंगळवारी तुमच्या बाकावर ठेवले मी. परत आला कप माझ्या दारात."

वेंडीने हातातली बशी हळूच खोक्यावर ठेवली. मग ती स्वतःही खोक्यावर बसली. "तू कपात खायला घातलंस?"

"घातलं म्हणजे? भांडं रिकामं परत देत नाही आम्ही. रीत आहे आमची."

"मी यशोधनला सांगितलं होतं," वेंडी म्हणाली. "पालथा ठेवायचा. नेहमी पालथा. कधी काही ठेवायचं नाही त्यात, फूलसुद्धा नाही. मी दोनदा सांगितलं. त्याने मान हलवली."

देवयानीने तिच्यावरची नजर काढून घेतली. मागे भिंतीवर वेंडीच्या मुलाचे फोटो अजून काढायचे राहिले होते. बाळ, मग शाळेचा गणवेश, मग हॉकीचं हेल्मेट घातलेला, हसणारा. त्यापुढे फोटो नव्हते. देवयानी इतकी वर्षं धरून चालली होती की मुलगा मोठा होऊन ऑस्ट्रेलियाला गेला असेल, इथल्या सगळ्यांची मुलं जातात तसा. तिने कधी विचारलंच नव्हतं. आता तिने नीट पाहिलं. शेवटच्या फोटोत मुलगा हसत होता आणि त्याच्या दातांत काहीतरी चुकत होतं. काय ते कळायच्या आत वेंडीने उठून तो फोटो उतरवला आणि उलटा करून खोक्यात टाकला.

"तो आमच्याकडे राहायचा," वेंडी म्हणाली. मुलाबद्दल नव्हे, हे तिच्या सुरावरून कळलं. "कॅनडाहून आलेला. फार सभ्य मुलगा. जेवायला म्हणून रिकाम्या हाताने कधी टेबलाशी आला नाही. काही ना काही आणायचाच. त्या धरणावरून सगळे परत आले, तो सोडून..." तिने खोक्याची चिकटपट्टी नीट दाबली. "आम्ही त्याच्यासाठी एकदा केक ठेवला कपात. त्याच्या वाढदिवसाला. कॉलिनला वाटलं, बरं दिसेल."

"मग?"

"मग त्याने परतफेड केली. मग आम्ही. कॉलिन म्हणायचा, थांबलो तर उद्धटपणा होईल. आमचा मुलगा गेला, तेव्हा थांबलो."

"आणि हे तुम्हाला माहीत असताना तुम्ही तो माझ्या घरात पाठवलात? माझी सात वर्षांची मुलगी आहे घरात!"

वेंडीने तिच्याकडे पाहिलं. डोळे कोरडे होते. "रिकामा ठेवला तर काही नाही करत तो. मी इतकी वर्षं काढली. तुझ्या घरचे डबेसुद्धा मी रिकामेच परत दिले, बघितलंस ना? मला काही परत द्यायची भीतीच बसली." तिने देवयानीचा हात धरला. "आजच परत दे. रिकामा. पालथा करून दारात ठेव. ती चकती राहू दे, ती परत दिलीस तर तेही देणंच झालं. अपमान कर त्याचा, डिअर. कर आणि दार लाव."

देवयानीने हात सोडवून घेतला. तिला त्या म्हातारीच्या थोबाडीत मारावंसं वाटलं. तिने मारली नाही, पण निरोपही घेतला नाही.

६

चार वाजता ऊन उतरायला लागलं होतं. देवयानीने कपातला सगळा चुरा बाहेर गवतात झटकला, कप गरम पाण्याने धुतला, तीनदा पुसला. मग दार उघडून पायरीवर आली आणि तो पालथा आपटला. लाकडी बैठक वर झाली. नागव्या माणसाकडे बघावं तसं तिला झालं, इतकं ते वाईट दिसत होतं. जन्मात कुणाला असं भांडं दिलं नव्हतं तिने.

"काही मिळायचं नाही," ती मोठ्याने म्हणाली, मराठीत. समोर फाटक होतं आणि त्यापलीकडे वेंडीची गाडी वळत होती. "नातं नाही आपलं. ओळख नाही. घे आणि चालता हो."

आत ऋग्वेदा सोफ्यावर सफरचंद खात बसली होती. "आई! आई, लुक!" तिच्या तळहातावर दात होता, रक्ताच्या बारीकशा ठिपक्यासह. वरच्या पुढच्या दातांत खिंड पडली होती आणि त्यातून ती जीभ काढून दाखवत होती. देवयानीने तिला जवळ घेतलं, गुळण्या करवल्या, दात कागदात गुंडाळून दिला. "उशीखाली ठेव हं रात्री." पोरीचं अंग उबदार होतं. देवयानीला रडूच येणार होतं.

तेवढ्यात यशोधनची गाडी आली.

ती त्याला गराजमध्येच गाठून दार लावून उभी राहिली, पोरीच्या कानावर जायला नको म्हणून. आणि मग दहा वर्षांचं सगळं बाहेर पडलं. "तुला सांगितलं होतं तिने. पालथा ठेवायचा. तू ऐकलंस, मान हलवलीस आणि मला एका शब्दाने बोलला नाहीस!"

"मला वाटलं, तिची काहीतरी अंधश्रद्धा. तू हसली असतीस."

"मी सुलटा ठेवला तेव्हा बघितलंस तू! बघितलंस आणि हात धुऊन गेलास बाहेर!"

"तू चिडली असतीस, देवयानी."

"मग चिडू दे ना मला! तुला माझ्या चिडण्याची एवढी भीती की पोरीचं काय होईल याची नाही?"

"मला काय माहीत होतं? कोण ठेवतं असल्यावर विश्वास? तू फार्मसिस्ट आहेस, तू ठेवतेस?"

"मी काय ठेवते ते मलाच कळत नाहीये!" ती किंचाळली. रंगाचा एक डबा लाथेने उडाला. तो गडगडत शटरवर आदळला. त्या आवाजात दुसरा एक आवाज मिसळला होता, बाहेर ड्राइव्हवेवर, खर्रर्र, आणि एकदम थांबलेला. दोघंही शटरकडे वळले.

शटरच्या खालच्या फटीतून संध्याकाळचा उजेड येत होता. त्या उजेडात कुणाची तरी सावली पायरीच्या बाजूला उभी होती, थोडी वाकलेली. वस्तू दोन्ही हातांनी उचलताना माणूस वाकतो तेवढीच. मग फटीत पुन्हा नुसता उजेड राहिला.

ती घरात धावली. ऋग्वेदा सोफ्यावर होती, टीव्ही बघत होती. पुढचं दार बंद होतं. देवयानीने खिडकीतून पाहिलं, पायरी मोकळी होती. कप नव्हता.

"गेला," ती यशोधनला म्हणाली. "घेऊन गेला. संपलं."

तिने यशोधनला मिठी मारली आणि मग राग आठवून दूर झाली. दारापाशी पायपुसणं का गार आहे, असं तिच्या मनात येऊन गेलं. तिने कुकर लावला.

७

सकाळी पायरीवर कप होता.

देवयानी दारातच खिळली. कप सुलटा होता, पण आत काही नव्हतं. ती वाकली, तळापर्यंत पाहिलं, हात घालून चाचपलं. बर्फ नाही, पाणी नाही, गवताची काडी नाही. लख्ख, कोरडा आणि रिकामा. बाहेर धुकं होतं आणि तिला एकदम हसू फुटलं. रिकामा परत आला! म्हणजे त्यानेही संबंध तोडले. अपमान केला, तो पोचला, आणि अपमानाला अपमानाने उत्तर आलं. ह्याहून चांगलं काय असणार? आयुष्यात पहिल्यांदा रिकामं भांडं बघून तिला इतका आनंद झाला होता. ती कप काखेत मारून आत आली. कान गार नव्हते.

"यशोधन, बघ! रिकामा!"

यशोधन दाढी अर्धी टाकून आला. त्याने कपात पाहिलं आणि भिंतीला टेकून मोठा श्वास सोडला.

ऋग्वेदा उठून आली होती. पक तिच्या हातात होती. ती कपाकडे बघत राहिली आणि मग तोंडावर हात धरून म्हणाली, "पण तो गेला तेव्हा एम्प्टी नव्हता, आई."

"काय म्हणालीस?"

"यू फरगॉट. ते अपसाइड डाउन होतं, बाहेर. तू आणि बाबा भांडत होता ना गराजमध्ये, सो मी नीट ठेवलं. आणि तू नेहमी म्हणतेस, डोन्ट सेंड इट एम्प्टी." ती हाताआडूनच बोलत होती. "माझ्याकडे फक्त टूथ होता. मी तो ठेवला."

स्वयंपाकघरात हीटपंप घुमत होता. देवयानीला ओरडायचं होतं आणि कुणावर ओरडायचं ते सापडेना. वेंडीवर नाही, नवऱ्यावर नाही. हे तिनेच शिकवलं होतं, डब्या-डब्याला, कौतुकाने, चार लोकांत सांगत. तिने कप पुन्हा उचलला, उलटा केला, झटकला. आतून काही पडलं नाही. तो असं करणार नाही, तिच्या मनात आलं. ती रीत त्याला तिच्याहून पक्की ठाऊक होती. रिकामं तो देणार नाही. मग दिलं काय, आणि ठेवलं कुठे?

"ऋगू," ती म्हणाली. "तोंडावरचा हात काढ."

ऋग्वेदाने मान हलवली, अगदी बापासारखी.

"हात काढ, बाळा."

पोरीने हात काढला आणि लाजत हसली. काल जिथे खिंड होती तिथे दात होता. दुधाचा नव्हता. नवा येतो तसा कोवळ्या कडेचाही नव्हता. मोठा, पिवळट, आजूबाजूच्या चिमुकल्या दातांत न मावणारा, एका कोपऱ्याचा टवका उडालेला. मोठ्या माणसाचा. वेंडीच्या भिंतीवरच्या त्या हसणाऱ्या मुलाच्या तोंडात काय चुकत होतं, ते देवयानीला आत्ता कळलं.

तिने बोट लावलं. दात घट्ट रुजलेला होता, आणि इतका गार की बोट त्याला चिकटलं.

"इट्स सो नाइस ऑफ हिम," ऋग्वेदा म्हणाली. शब्द जरा बोबडे येत होते. तिने आईच्या हातातून कप काढून घेतला, ओट्यावर नीट सुलटा ठेवला, दोन्ही कान एका रेषेत आणले. मग मोठ्या उत्साहाने वर पाहिलं.

"आई, आता आपण काय द्यायचं?"